भुंग्याची फेरी

आमच्या बियाण्यांच्या दुकानात तो एकोणीस वर्षं आहे, आणि पहिल्याच वर्षात मी त्याला दोनदा काढून टाकायचं ठरवलं होतं. त्याला विकता येत नव्हतं. गिऱ्हाईक काकडीचं पाकीट हातात घ्यायचं, आणि हा वजनकाट्यामागून म्हणायचा, "ते मागच्या हंगामातलं आहे. निम्मंच उगवेल. पुढच्या आठवड्यात या, नवीन येतंय." गिऱ्हाईक पाकीट खाली ठेवून निघून जायचं. मी आपला बघत बसायचो. पोटावर पाय देणारा माणूस दुकानदाराने स्वतःच पोसायचा, असला हा प्रकार.

काढलं मात्र नाही. त्याचे हात पाहिले आणि राहू दिलं. तिळाएवढं बी तो दोन बोटांत धरून, उजेडाकडे करून, पोचट आहे की भरलेलं ते सांगायचा, आणि त्याचं कधी चुकत नसे. गोण्यांमधून बी निवडायला मला दुसरा असा माणूस मिळाला नसता.

हे हात त्याने कमावले होते गावाबाहेरच्या संशोधन केंद्रात. अठराव्या वर्षी तो तिथे रोजंदारीवर लागला. भोपळ्या-काकड्यांच्या नव्या जाती काढायचं काम तिथे चालायचं. आदल्या संध्याकाळी उद्या उमलणारी मादी कळी शोधायची, तिला कागदी पिशवी घालायची, दोरा बांधायचा. पहाटे दुसऱ्या जातीचं नर फूल आणायचं, त्याच्या पाकळ्या सोलायच्या, आतली परागाची दांडी मादी फुलाच्या चिकट गोंड्यावर हलकेच फिरवायची, परत पिशवी, आणि देठाला तारखेची चिठ्ठी. दिवसाला दोन-दोनशे फुलं. तिथल्या मॅडम कडक होत्या. हात धुतल्याशिवाय दुसऱ्या जातीच्या वाफ्यात पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. त्यांच्या हाताखाली चौदा वर्षं काढल्यावर याला काम करताना घाई कशी करतात तेच आठवेनासं झालं.

तेव्हा एकदा त्याच्यासाठी स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा काय करतो? मध्यस्थ गमतीत म्हणाला, "फुलांची लग्नं लावतो." सगळे हसले. वडील पुढे म्हणाले, "पण नोकरी कायमची आहे ना?" मध्यस्थ "हो" म्हणायला तोंड उघडतोय तोवर आमचा गडी म्हणाला, "नाही. कधीही काढतील." झालं. चहाचे पेले अर्धेच राहिले. पुन्हा कोणी स्थळ आणलं नाही, आणि यानेही कोणाला आण म्हटलं नाही.

पुढे केंद्र उचलून दुसऱ्या टोकाच्या शहरात नेलं. ज्यांना जमलं ते गेले. याची आई अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून हा राहिला. त्याच वर्षी आईही गेली. मग हा बेकरीच्या वरची एक खोली घेऊन राहू लागला आणि माझ्या दुकानात आला.

ती खोली मी पाहिली आहे. खाली भट्टी असल्याने जमीन कायम कोमट. भिंतीला खाट, खिडकीखाली स्टोव्ह, खिळ्याला दोन शर्ट. एक ताट, एक वाटी, एक पेला. मी एकदा म्हटलं, "अरे, कोणी आलं तर?" तो म्हणाला, "कोण येणार? आणि दुसरा पेला ठेवला तर तोही धुवावा लागतो." तक्रार म्हणून नाही, हिशेब सांगावा तसं म्हणाला.

---

फेरी सुरू झाली ती लॉन्ड्रीवाल्या बाईंमुळे. एका सकाळी त्या तणतणत दुकानात आल्या आणि पदरातून अंगठ्याएवढे पिवळे पडलेले दहा-बारा भोपळे काउंटरवर ओतले.

"हे तुमचं बी! वेल मांडवभर पसरलाय, फुलं डोळे दिपतील एवढी, आणि फळ बघा. धरतं आणि गळतं, धरतं आणि गळतं."

मी त्यांना शांत केलं आणि याला त्यांच्याकडे पाठवलं. तासाभराने परत आला.

"बी चांगलं आहे, मालक. तिथे मधमाशी नाही."

"म्हणजे?"

"भोपळ्याला नर फूल वेगळं, मादी वेगळं. मधे नेआण करणारं कोणीतरी लागतं. मी तासभर बसलो होतो. एक माशी नाही फिरकली."

तेव्हा आमच्या लक्षात आलं. गावाच्या तिन्ही बाजूंनी फळबागा होत्या आणि त्या बारा महिने औषध मारायच्या. वाऱ्याची दिशा बदलली की आमच्या घरात त्याचा वास यायचा. मधमाश्या कधी गेल्या ते कोणाला सांगता आलं नाही. नसलेल्या गोष्टीकडे कोण लक्ष देतं?

दुसऱ्या दिवशी हा उजाडायच्या आत लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात गेला आणि उमललेली पाच मादी फुलं हाताने जोडून आला. पाचव्या दिवशी बाई पुन्हा दुकानात आल्या. आता त्यांचा सूर वेगळा होता.

"अहो, पाचच्या पाच मुठीएवढे झालेत! आणि काम करताना हा माणूस गुणगुणत असतो, ऐकलंय का तुम्ही? मला आधी वाटलं भुंगाच शिरला मांडवात."

त्या दिवसापासून तो भुंगा. मोठ्यांचा भुंगा, लहानांचा भुंगाकाका. माझाही भुंग्याच. त्याचं खरं नाव पगाराच्या वहीत तेवढं उरलं.

पहिल्या हंगामात चार घरं, दुसऱ्यात सतरा, पुढे पन्नासच्या वर. पहाटे सायकलवर निघायचा. भोपळा आणि कारलं आधी, कारण त्यांची फुलं ऊन चढलं की मिटतात. काकडी शेवटी, ती जरा दम धरते. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात, म्हणून दुकान बंद झाल्यावर दुसरी फेरी. मी खोटं बोलणार नाही, माझं बियाणं त्या काळात धडाक्याने खपलं. पाकिटाबरोबर भुंगा फुकट, असं लोक म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो.

त्याने सगळ्यांना शिकवायचाही प्रयत्न केला. फूल सोलून दाखवायचा, दांडी कशी फिरवायची ते दाखवायचा. लोक मान हलवायचे आणि म्हणायचे, "आम्हाला नाही जमायचं बाबा. तुझ्या हाताला गुण आहे." ते ऐकलं की याची मान किंचित खाली जायची आणि कान लाल व्हायचे. मला वाटतं, तेवढ्या एका वाक्यावर तो दिवस काढायचा.

पण एक गोष्ट होती. पहाटे लोक झोपेत असत. त्याच्यासाठी मागचं फाटक उघडं ठेवत आणि पांघरूण ओढून पुन्हा झोपत. हा आत शिरायचा, काम करायचा, फाटक लावून जायचा. कोणाच्या दोरीवर काय वाळतंय, कोणाच्या मोरीचं पाणी तुंबलंय, कोणत्या घरात पहाटेच भांडण लागतं, सगळं त्याला ठाऊक. गावातली पन्नास घरं त्याला मागून माहीत होती. पुढचं दार एकाचंही माहीत नव्हतं.

एक सोडून.

---

त्या नकाशेवाल्या बाई. भूमापन कचेरीत तीस वर्षं गटारांचे, रस्त्यांचे आणि पाण्याच्या नळांचे नकाशे काढून निवृत्त झालेल्या. तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि गच्चीत पत्र्याच्या ड्रममध्ये वेल लावायच्या. नवरा फार पूर्वी दुसरीकडे संसार थाटून बसला होता. बाई हे 'आज दूध नासलं' इतक्या सहज सांगायच्या. उंच, हाडकुळ्या, गळ्यात दोन चष्मे, एक जवळचा, एक लांबचा.

त्यांच्या गच्चीला मागचं फाटक नव्हतं. जिना चढायचा, दार वाजवायचं, खोलीतून जायचं, मग गच्ची. म्हणून पावणेसहाला बाई स्वतः दार उघडायच्या. खोलीत उतरत्या फळीचं मोठं टेबल, त्यावर वाकलेला दिवा, भिंतीशी कागदाच्या सुरळ्या, आणि दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवरही सुरळ्याच.

बाईंना प्रश्न विचारायची सवय होती.

"एका मादी फुलाला किती नर फुलं लागतात?"

"एक पुरतं. मी दोन वापरतो."

"ते का?"

"एखादा कुचकामी निघाला तर."

बाई मोठ्याने हसल्या. हे त्याने मला त्या दिवशी दुकानात तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना म्हणाला, "मी काही विनोद केला नव्हता, मालक."

बाई दोघांसाठी चहा ठेवायच्या. हा ड्रमाशेजारी उभ्यानेच प्यायचा. प्रत्येक फळाची तारीख बाई एका वहीत लिहायच्या. कधी जोडलं, कधी धरलं, कधी तोडलं. गच्चीचा आराखडाच काढला होता त्यांनी, वेलीचा फाटा न फाटा दाखवलेला. हा म्हणायचा, केंद्रातल्या मॅडमनंतर एवढ्या बारकाईने माझं काम कोणी पाहिलं नव्हतं.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. एका हंगामात तो दुकानात म्हणाला, "बाईंनी दुसऱ्या खुर्चीवरच्या सुरळ्या काढल्यात. खुर्ची रिकामी पडलीय. गच्चीत न्यायची असेल बहुतेक, रोपं ठेवायला."

मी त्याच्याकडे बघितलं. तो खरंच तसंच समजत होता. मी म्हटलं, "असेल." मला तरी कुठे बोलायची अक्कल होती?

---

मग तो पडला. लॉन्ड्रीच्या मागच्या ओल्या पायरीवरून पाय सटकला आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि पंधरा दिवस खोलीबाहेर पडू नको म्हणून बजावलं, कारण पाठीलाही मार होता. ऐन हंगामात.

मी भेटायला गेलो तर खाटेवर बसून डाव्या हाताने यादी करत होता. कोणतं घर, कोणता वेल, किती वाजता. अक्षर कोंबडीचे पाय.

"मालक, एवढं करा माझ्यासाठी. शिकवतो मी. सोपं आहे. पंधरा दिवस गेले तर लोकांचा सगळा बहर वाया जाईल."

मी हो म्हटलं. यादी खिशात घातली.

आता खरं सांगायची वेळ आली आहे, तर सांगतो. मी एकाही घरी गेलो नाही. पहाटे साडेपाचला उठणं माझ्या सात पिढ्यांत कोणाला जमलेलं नाही. पहिल्या दिवशी उद्या जाऊ म्हटलं, दुसऱ्या दिवशी परवा, आणि नंतर म्हणणंही सोडून दिलं. संध्याकाळी त्याच्याकडे डोकवायचो तेव्हा तो पहिला प्रश्न विचारायचा, "गेला होतात?" मी म्हणायचो, "हो." "बेकरीमागच्या गल्लीतलं कारलं?" "तेही." तो डोळे मिटून घ्यायचा. म्हणायचा, "तुमचे उपकार कसे फेडू?" मी विषय बदलायचो.

सोळाव्या दिवशी तो हात गळ्यात बांधून चालत फेरीला निघाला. मी दुकानात देव आठवत बसलो होतो. आता येईल आणि म्हणेल, सगळे वेल रिकामे आहेत.

नऊ वाजता आला. चेहरा उजळलेला. काउंटरच्या आत येऊन त्याने डाव्या हाताने माझा हात धरला.

"मालक, सगळीकडे फळ धरलंय. एकही गळलेलं नाही. तुमच्या हाताला माझ्यापेक्षा गुण आहे."

आयुष्यात मी बरंच खोटं बोललो आहे, दुकानदारच मी. पण त्या क्षणी तोंडातून खोटं निघेना.

"भुंग्या, मी गेलोच नव्हतो रे. एकाही घरी."

तो हसला. त्याला वाटलं मी कौतुक टाळतोय. मग माझं तोंड बघून त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्याने माझा हात सोडला.

"मग कोणी केलं?" तो म्हणाला. आणि लगेच, मी काही बोलायच्या आत, "अच्छा," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो लॉन्ड्रीच्या मांडवाखाली जाऊन बसला. एकाही फुलाला हात लावला नाही. उजेड फुटला आणि त्या आल्या. आधी एक, मग तीन, मग मोजता येईनात एवढ्या. फुलात शिरायच्या आणि अंगभर पिवळी भुकटी माखून बाहेर पडायच्या. एकेक मादी फूल त्या पाच-पाच, सहा-सहा वेळा शिवून जात होत्या. फळबागा विकल्या जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्या जागेवर घरं व्हायची होती, पण झाली नव्हती. रान माजलं होतं, औषध बंद झालं होतं. आम्हाला बागा गेल्या तेवढंच दिसलं होतं.

तिथून तो थेट तिसऱ्या मजल्यावर गेला. बाईंनी दार उघडलं.

"मधमाश्या आल्यात," हा उंबऱ्यातूनच म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"मागच्या नव्हे, त्याच्या मागच्या हंगामापासून. तुम्ही हात न लावलेली फळं मी वहीत वेगळ्या खुणेने दाखवली आहेत. पहिल्या वर्षी अकरा होती. आता जवळजवळ सगळीच."

"मला सांगितलं नाहीत."

बाईंनी जवळचा चष्मा काढून लांबचा घातला. "नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. आणि मग, "चहा ठेवलाय."

"आता कशाला?" हा म्हणाला, आणि जिना उतरून आला.

या दोन शब्दांचं त्याला पुढे फार लागलं. मला म्हणायचा, "मला म्हणायचं होतं की आता काम नाही तर चहा कशाला. पण ते बाईंना कसं ऐकू गेलं असेल?"

---

त्याने लोकांची फसवणूक एक दिवसही चालू ठेवली नाही. पुढचे तीन दिवस पन्नास मागच्या फाटकांवर जाऊन त्याने सांगितलं, "आता मी येणार नाही. गरज राहिली नाही." लोकांनी "असं होय? बरं झालं की," म्हटलं. त्यांना खरंच बरं वाटलं होतं, त्यांचा दोष नाही. एकट्या लॉन्ड्रीवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, पण सकाळी तुमची गुणगुण ऐकली की मला उठायची वेळ कळायची." हा म्हणाला, "घड्याळ लावत जा."

मग सुरू झालं ते वर्ष. जाग त्याला पाचलाच यायची. जाग कोणाच्या हातात असते का? खालून पावाचा वास यायचा, जमीन कोमट व्हायची, आणि हा खाटेवर बसून राहायचा. जायला कुठेच नव्हतं. सहाला अंघोळ करून निघायचा आणि दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. दुकान नऊला उघडतं. किल्ली देऊ केली तर म्हणाला, "आत तरी काय करू?" येणारे-जाणारे ओळखीने हात करायचे, थांबायचं कोणी नाही. पन्नास घरांतल्या कोणत्याही घरी गेला असता तर लोकांनी बस म्हटलं असतं, याबद्दल मला शंका नाही. पण तो जाईल कसा? त्याला कामाशिवाय कोणाच्या घरी जाता यायचंच नाही. ते त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. आपण त्या माणसाचे नक्की कोण लागतो, हे ठरल्याशिवाय त्याचं पाऊल उंबऱ्यापुढे पडायचं नाही.

गुणगुण थांबली. बी निवडताना आधी चालायची, तीही थांबली. कधी कधी मी मुद्दाम वायफळ विषय काढायचो. तो उत्तर द्यायचा, नेमकं तेवढंच, आणि पुन्हा बी निवडू लागायचा. माझ्या डोक्यात मात्र त्याने भुंगा लावून दिला होता. मी त्या पंधरा दिवसांत दोन-चार घरी जाऊन आलो असतो, तर हे कळायला अजून दोन-चार वर्षं गेली असती, असा काहीतरी वेडावाकडा विचार मी करत बसायचो.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर नकाशेवाल्या बाई दुकानात आल्या. त्या कधीच येत नसत. बी हाच न्यायचा. धाप लागली होती. काउंटरला हात टेकून उभ्या राहिल्या. हा वजनकाट्यामागे उठून उभा राहिला.

"कसा आहे हात?" बाईंनी विचारलं.

"बरा आहे. थंडीत दुखतो."

"हं." बाई पाकिटांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला एक विचारायचं होतं. असं काही बी आहे का तुमच्याकडे, ज्याचं काम मधमाशीला जमत नाही? ज्याला हातच लागतो?"

मी खोकलो. काउंटरखालून त्याच्या पायावर पाय दिला. बाई त्याच्याकडे बघत होत्या, जवळचा चष्मा लावून.

त्याने कपाळाला आठ्या घालून खरोखर विचार केला. फळीवरचं एकेक पाकीट नजरेखालून घातलं. मग म्हणाला, "नाही, बाई. सगळं येतं त्यांना. माझ्यापेक्षा चांगलं येतं."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग नेहमीचा भोपळाच द्या."

त्या वळल्या, आणि कोपऱ्यापर्यंत दिसत राहिल्या, हळू चालायच्या. मी त्याच्याकडे वळलो.

"अरे गाढवा!"

"काय झालं? खरंच तसं काही नाहीये, मालक. असतं तर दिलं असतं."

"त्या बी मागायला आल्या होत्या का?"

तो पाकिटं नीट लावू लागला. दोन पाकिटं लावली. तिसरं हातातच राहिलं. मग हळूच खाली स्टुलावर बसला आणि कितीतरी वेळ उठला नाही.

आठ दिवस त्याने त्यात घालवले. रोज मला काहीतरी विचारायचा. "जाऊन म्हणायचं काय?" मी म्हणायचो, "काही म्हणू नकोस, बस जाऊन." "पण त्या विचारतील, काय काम काढलंत?" "मग म्हण, काम नाही." हे त्याला कड्यावरून उडी मारायला सांगावं तसं वाटायचं.

नवव्या दिवशी, रविवारी, इस्त्रीचा शर्ट घालून तो गेला. तेही सकाळी दहा वाजता, म्हणजे एकही फूल उमलायची वेळ नसताना. पुढचं त्याच्याच तोंडून ऐकलं आहे. दार उघडलं. बाईंनी विचारलंच, "काय काम काढलंत?"

"काम नाही."

"मग बसा," बाई म्हणाल्या.

तो बसला. खुर्चीत बसल्यावर हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. आधी गुडघ्यावर ठेवले, मग घडी घातली. चहा झाला. बोलणं फारसं झालं नाही. पाण्याची टाकी गळते, खालच्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत, असलं काहीतरी. अर्ध्या तासाने उठून आला. सोमवारी दुकानात मला म्हणाला, "खुर्ची चांगली आहे. पाठीला बरी वाटते." एवढंच.

मग तो दर रविवारी जाऊ लागला. लोकांनी थोडं बोलून घेतलं, मग विसरून गेले. बोलण्यासारखं तिथे काही नव्हतंच. आठवड्यातून एक तास दोन माणसं एका खोलीत बसायची. बाकीचे सहा दिवस बाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या, हा बेकरीवर एकटा. एकटेपण काही संपलं नाही. पण शनिवारी संध्याकाळी तो दाढीचं पातं विकत घ्यायचा, ते मी बघायचो.

तीन वर्षं आणि काही महिने असं चाललं.

मग बाईंचे डोळे गेले. एकदम नाही. आधी रेघेच्या मध्यभागी डाग दिसू लागला, मग माणसाच्या चेहऱ्याच्या जागी डाग. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. केसाएवढी बारीक रेघ हाताने ओढणाऱ्या बाई, आता कप उचलायला टेबल चाचपू लागल्या. भाची येऊन त्यांना आपल्याकडे घेऊन गेली, रेल्वेने एक अख्खा दिवस लांब. जायच्या दिवशी हा सामान खाली उतरवायला गेला होता. बाई गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "येत जा म्हणणार नाही. लांब आहे. फोन करीन."

"काम असलं तरच करा," हा म्हणाला, आणि मग जीभ चावली.

बाई हसल्या. "काम नसलं की करीन."

मला वाटलं होतं, दोन-चार रविवार फोन येईल आणि मग थांबेल. थांबला नाही. त्याने त्यासाठीच मोबाइल घेतला. पण फोनवर बोलायचं काय, ही नवी पंचाईत. पहिल्या रविवारी दोघं म्हणे बराच वेळ नुसती गप्पच होती. मग बाई म्हणाल्या, "तुमच्या खिडकीतून काय दिसतं ते सांगा. मला आता दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघावं लागतं."

आणि याला कळलं की आपण इतकी वर्षं त्या खोलीत राहिलो, पण खिडकीबाहेर कधी पाहिलंच नाही. त्याची नजर कायम हातभर अंतरावरची. फूल, बी, बोट. त्या दिवसापासून तो बघायला लागला. समोरच्या इमारतीत किती खिडक्या, कोणत्या खिडकीत माणूस उभा असतो, रस्त्यावरचा चांभार दुपारी कुठे सावली धरतो. दुकानातही तो कधी कधी काम थांबवून दाराशी जाऊन उभा राहतो. मी विचारलं तर म्हणतो, "काही नाही, रविवारसाठी."

परवाच्या रविवारी मी त्याच्या खोलीवर गेलो होतो. माझं वय झालं, दुकान आता मुलगी बघते, मलाही रविवार मोठा वाटतो. तो खाटेवर बसून फोनवर बोलत होता. मला बघून मान हलवली आणि बोलत राहिला.

"समोरच्या इमारतीला रंग लावतायत. दोन माणसं दोरावर लटकून. एकाने वरपासून सुरू केलं, एकाने खालून... हो, मधे भेटतील... नाही, अजून दोन मजले राहिलेत." मग ऐकत राहिला. "रंग? पिवळा आहे. म्हणजे... पिवळाच. नाही, थांबा हं. थांबा, नीट बघून सांगतो."

फोन खाटेवर तसाच चालू ठेवून तो उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.